ट्राउट सोडायचा असेल तर धरायचा कसा : नागपूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

माझा पहिला ट्राउट मी सोडता सोडता मारला.

मे महिना होता. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात, गुशैणीच्या खालच्या अंगाला मी आणि माझा मावसभाऊ नदीत उभे होतो. सव्वा वीत लांबीचा ब्राऊन ट्राउट लागला. पिवळसर अंगावर लाल टिपके आणि प्रत्येक टिपक्याभोवती फिकट कडं. मी तो ओढतच काठावर आणला, उन्हानं तापलेल्या दगडावर ठेवला आणि सवयीप्रमाणे मुठीत आवळला. भाऊ मोबाईल उघडायला लागला, पण अंगठा ओला, लॉक उघडेना. उघडलं तर ऊन समोरून येत होतं, म्हणून मी वळलो. वळताना मासा निसटून वाळूत पडला. उचलला, झटकला, पुन्हा धरला. मग हसतानाचा एक, मग भावाचा एक. मग पाण्यात टाकला. शेपटी हलवत तो आत गेला तशी आम्ही एकमेकांना टाळी दिली.

वीस मिनिटांनी खालच्या डोहात तोच मासा दिसला, पोट वर करून, दगडाला अडकलेला. खालच्या ओठाला माझ्याच गळाची चीर होती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. आमच्यासोबत गावातला एक माणूस होता. त्यानं मासा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "भाईसाब, आपने इसको छोड़ा नहीं, फेंका है।"

त्या दिवशी लागलेली ती चपराक अजून आठवते. आपण नागपूरकर मासा धरायला शिकतो ते गावच्या तलावावर. काका-मामांसोबत गरी टाकून बसायचं आणि मासा लागला की थैलीत. तो धरायचा रस्सा करायला, म्हणून कसा धरला याला काही महत्त्व नसतं. सोडण्यासाठी धरणं हा निराळा धंदा आहे आणि त्यासाठी जुन्या सवयी हातातून काढाव्या लागतात. मला चार फेऱ्या लागल्या. तुमच्या निदान दोन तरी वाचाव्यात म्हणून हे लिहितोय.

१. आधी मासा समजून घ्या

मंगळवारी बाजारात टोपल्यात मरळ पाहिला असेल. बोटभर पाण्यात तासन् तास जिवंत असतो, कारण तो वरची हवा गिळून श्वास घेऊ शकतो. रोहू, तिलापिया तेवढे नसले तरी आपल्याकडच्या तापलेल्या पाण्यात जन्म काढलेले, काटक. ट्राउटला यातलं काहीच जमत नाही. तो थंड आणि वाहत्या पाण्यातला मासा. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाच्या पाण्यात जेमतेम साडेसात. ट्राउटला त्या पहिल्या पाण्याची सवय.

तो मूळचा आपल्या देशातलाही नाही. ब्राऊन ट्राउट युरोपातला, रेनबो उत्तर अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडच्या बाजूचा. इंग्रज साहेबांना इथं स्कॉटलंडसारखी मासेमारी हवी होती म्हणून १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राऊन ट्राउटची अंडी जहाजानं आणून उबवली आणि १९०९ मध्ये कुल्लूकडे बीज गेलं. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरातही रेनबो आहे. तिकडे कोणी 'स्नो ट्राउट' म्हणाला तर गोंधळू नका. तो आपल्या रोहूच्या, म्हणजे कार्पच्या कुळातला हिमालयातला देशी मासा आहे. नावातच काय ते ट्राउट. गळाला तो लागला तर त्यालाही इतक्याच जपून सोडा, उलट थोडं जास्तच, कारण घर त्याचं आहे.

तीन गोष्टी पाठ करा. ट्राउटच्या अंगावरची बुळबुळीत साय हे त्याचं चिलखत असतं. ती पुसली गेली की तिथे बुरशी धरू शकते, आणि ती चार-आठ दिवसांनी, तुम्ही नागपूरला पोचल्यावर, त्याला मारू शकते. दुसरं, त्याचं हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, छातीच्या परांच्या मधोमध असतं. आपण मूठ आवळतो ती बरोबर तिथेच. तिसरं, गळाला लागून झुंजलेला मासा दमलेला असतो. सेमिनरी हिल्सचा चढ पळत चढा आणि वर पोचल्याबरोबर कोणाला तरी नाक-तोंड दाबायला सांगा. फोटोसाठी मासा पाण्याबाहेर काढणं म्हणजे हेच.

२. हंगाम, परवाना, कागद

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण ब्राऊन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. मार्च ते ऑक्टोबरमध्येही जुलै-ऑगस्ट सोडा. पाणी गढूळ, नदी फुगलेली, रस्ते दरडींच्या भरवशावर. आपल्याला सोयीचा मे, मुलांच्या सुट्ट्या असतात म्हणून. पण जमलं तर सप्टेंबरचा शेवट गाठा. पाणी काचेसारखं असतं आणि गर्दी ओसरलेली असते.

परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा असतो आणि दर माणशी घ्यावा लागतो. "भाऊचा आहे, मी त्याच्यासोबत आहे" हे चालत नाही. काश्मीरमध्ये नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना 'बीट' म्हणतात, आणि परवाना त्या बीटचा आणि त्या तारखेचा मिळतो. शुल्क, किमान लांबी आणि दिवसाला किती मासे ठेवता येतात हे बदलत राहतं. म्हणून निघायच्या आठवड्यात मुक्कामाच्या मालकाला फोन करून विचारा आणि हाती आलेल्या परवान्यावरच्या अटी वाचा. मी पहिल्यांदा वाचल्या नव्हत्या, घडी करून पाकिटात ठेवल्या होत्या.

सोबत ठेवायचे कागद : आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, परवान्याची मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका, खोऱ्यात रेंज जाते. तीर्थनचं वरचं खोरं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये मोडतं. पार्कच्या हद्दीत शिरायचे नियम वेगळे असतात, हद्द कुठे सुरू होते ते गावात विचारून घ्या.

नागपूरहून दिल्लीला गाड्या भरपूर आहेत. तिथून कुल्लू-मनालीची रात्रीची बस घ्या आणि औटच्या बोगद्याअलीकडे उतरा. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, पहाटे झोप लागते आणि माणूस थेट कुल्लूत जागा होतो. औटहून बंजारकडे जाणाऱ्या रस्त्यानं पुढे गुशैणी.

३. सामान, आणि ते नागपुरात कुठे मिळतं

काठी आणि रीळ विकत घेऊ नका, तिकडे भाड्यानं मिळते. पैसे घालायचे ते माशाला जपणाऱ्या सामानात :

- रबरी जाळीचं हातजाळं. दोऱ्याच्या गाठींचं जाळं साय खरवडतं आणि पर फाडतं. रबरी जाळं ऑनलाइन मागवावं लागतं, महिनाभर आधी मागवा.
- आर्टरी फोर्सेप, म्हणजे डॉक्टर वापरतात तो कात्रीसारखा लांब चिमटा. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची रांग आहे, तिथल्या सर्जिकलच्या दुकानात मागा. सहा इंची, सरळ टोकाचं. गळ काढायला याच्यासारखं हत्यार नाही.
- बारीक टोकाची पक्कड. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो हिनं दाबून सपाट करायचा.
- थर्मामीटर. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडे काचेचं मिळतं. एक फुटतंच, दोन घ्या.
- छोटी कात्री, गळ्यात दोरीनं बांधलेली.
- पोलराइज्ड गॉगल. पाण्याची चकाकी जाते, तळ दिसतो आणि डोळ्यात गळ घुसत नाही.

गळाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मी लढाई इथेच असते. भाड्याच्या डब्यात बहुतेक वेळा चमचासारखे चकाकणारे स्पिनर असतात आणि त्यांना तीन तोंडांचा गळ. तो काढून टाका, एकेरी लावा. उलटा काटा पक्कडीनं दाबा, मग गळ शर्टाच्या बाहीत टोचून ओढून पाहा. धागा न ओढता निघाला तर काटा बरोबर बसला. "मासा सुटेल ना" अशी शंका प्रत्येकजण काढतो. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ताणलेलं ठेवलं तर सहसा सुटत नाही. आणि सुटला तर सोडणारच होतो ना बाप्पा, त्याचा तो गेला.

गांडुळं लावू नका. आपल्याकडे गांडूळ आणि कणकेशिवाय मासेमारी सुचत नाही हे मान्य. पण आमिष मासा गिळतो आणि गळ थेट घशात जातो. कृत्रिम माशी (पिसं-दोरा गुंडाळून किड्यासारखा केलेला गळ) किंवा स्पिनर बहुतेक वेळा ओठात किंवा जबड्यात लागतो, तिथून दोन सेकंदात निघतो.

४. घरीच सराव करा

हा माझा शोध, त्यामुळे जरा कौतुकानं सांगतो. मूठभर जवस रात्री पाण्यात भिजवा. सकाळी त्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट लपका सुटतो. अर्धा लिटरची पाण्याची बाटली गच्च भरून तिला तो चोपडा आणि टबात सोडा. हा तुमचा ट्राउट. हात टबात बुडवून ओले करा. एक हात शेपटीच्या अलीकडे, जिथे अंग बारीक होतं तिथे, बोटांचं कडं करून. दुसरा हात पोटाखाली, तळवा वर, बोटं सैल. आता बाटली वीतभर वर उचला, "एक, दोन, तीन" म्हणा आणि पुन्हा पाण्यात. आवळली की बाटली साबणासारखी निसटते, सैल ठेवली की हातात पडून राहते. हे हाताला कळायला पंधरा-वीस वेळा करावं लागतं.

आईनं पहिल्या दिवशी दारात उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, काहून नासवतो माझी जवस? चटणीची होती ते."

खऱ्या पाण्यावर सराव करायचा असेल तर एक इशारा. आपल्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय काठी उघडू नका, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, वर दोन गोष्टी शिकवतात. तोतलाडोहकडे मात्र चुकूनही वळू नका. ते पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे आणि वनखात्याशी गाठ पडते.

५. पाण्यात उतरण्याआधी

थर्मामीटर दोरीला बांधून वाहत्या पाण्यात दोन मिनिटं धरा. १८ अंशापर्यंत निर्धास्त राहा. १९-२० च्या आसपास काठी मिटा आणि चहा प्या. तेवढ्या गरम पाण्यात झुंजलेला ट्राउट कितीही हळुवार सोडला तरी सावरेलच असं नाही. बर्फाचं पाणी असलेल्या नदीत मे महिन्यातही सहसा ही वेळ येत नाही, पण ओढा बारीक असेल आणि दुपार असेल तर मोजा. नागपूरच्या ४५ अंशातून गेलेल्या माणसाला १९ अंशाचं पाणीही बर्फ वाटतं, म्हणून पायाच्या अंदाजावर जाऊ नका.

हात. उन्हाचं क्रीम, डासांचं मलम, सॅनिटायझर हे सगळं सकाळी मुक्कामावर लावा आणि तळवे साबणानं धुऊन निघा. आणि राजेहो, खर्रा. तंबाखू-चुन्याचा हात माशाला लावू नका. खर्रा सुटत नसेल तर निदान त्यानंतर हात वाळूनं घासून धुवा. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. पातळ लोकरी हातमोजेही नकोत, ते साय टिपून घेतात.

उतरताना तळ पाहा. गोट्यांच्या तळावर घासून पुसल्यासारखी फिकट, परातीएवढी जागा दिसली तर ते ट्राउटचं घरटं असू शकतं. मार्चमध्ये तिथे अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं असतात. तिला वळसा घाला.

६. लागल्यावर

घाई करा. आपल्याकडे मासा दमवण्यात मर्दुमकी मानतात, "अर्धा तास खेळवला" असं कौतुकानं सांगतात. ट्राउट जितका जास्त खेळवाल तितका तो पुढे मरण्याची शक्यता वाढते. म्हणून तंगूस फार बारीक नको. काठी सरळ वर न धरता आडवी, एका बाजूला झुकवून ओढा. माशाचं डोकं वळतं आणि तो लवकर येतो. पाव किलोचा मासा एक-दोन मिनिटांत जाळ्याशी यायला हवा.

जाळं आधी पाण्यात बुडवा आणि मासा त्याच्यावर आणा. जाळं घेऊन माशामागे पळू नका. आत आला की जाळं पाण्यातच राहू द्या. आता घाई नाही. पाणी कल्ल्यांतून वाहतंय, मासा श्वास घेतोय.

७. गळ काढताना

हात बुडवा. मासा जाळ्यातच, पाण्याखालीच ठेवा. फोर्सेपनं गळाचा बाक पकडा आणि ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं उलटा ढकला. काटा दाबलेला असेल तर अर्ध्या सेकंदाचं काम. मासा फारच धडपडत असेल तर पाण्यातच अलगद उताणा करा, क्षणभर शांत होतो.

गळ खोल गेला असेल, म्हणजे घशात दिसतोय किंवा दिसतच नाही, तर कात्रीनं तंगूस तोंडाशी कापा आणि गळ आत राहू द्या. शोधाशोध केली तर कल्ले फाटतात आणि मासा तिथेच जातो. दहा रुपयांच्या गळासाठी ओढाताण करणारे मी पाहिलेत. पहिल्या वर्षी आरशातही पाहिला.

कल्ल्यात बोट घालून उचलणं ही आपली जुनी सवय. ती इथे बंद. खालच्या जबड्यात अंगठा घालून लटकवणंही बंद. परदेशी व्हिडिओत दिसतं तो बास नावाचा निराळा मासा असतो, त्याचा जबडा भक्कम. ट्राउटचे दात टोचतात आणि मणकाही ताणला जातो.

८. फोटो

बरेच मासे इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउट टाकीत पार दमेपर्यंत पळवले. नुसते दमवलेले ८८ टक्के मासे जगले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के जगले. ६० सेकंद धरलेल्यांपैकी २८ टक्के. टाकीतला प्रयोग आहे, नदीत आकडे हुबेहूब तेच येतील असं नाही. पण आता तुमच्या मोबाईलवरचा कोणताही मासे धरलेला व्हिडिओ काढा आणि घड्याळ लावा. तीस सेकंद किती सहज जातात ते कळेल.

म्हणून आमचा ठरलेला क्रम असा आहे :

फोटो काढणारा आधी तयार. मासा जाळ्यात यायच्या आधीच कॅमेरा चालू, सूर्य पाठीशी, उभं कुठे राहायचं ते ठरलेलं. लॉकचा प्रकार तर निघतानाच बंद करून टाका.

धरणारा गुडघ्यावर, पाण्यातच. उभं राहून छातीशी धरलेला मासा निसटला तर चार फुटांवरून दगडावर आपटतो. गुडघ्यावर बसलात तर पाण्यात पडतो.

मासा पाण्याखाली हातात नीट बसवा. एक हात शेपटीशी, दुसरा छातीच्या परांच्या मागे सैल. बाटलीवर केलं तेच. फोटो काढणारा म्हणेल "हो", तेव्हाच वर. त्या क्षणी तुमचा स्वतःचा श्वास रोखा. वीतभर वर, पाणी अजून निथळतंय, मोबाईलवर बोट दाबून धरलेलं आहे आणि तो धडाधड वीस फोटो काढतोय. तीन सेकंद. पुन्हा पाण्यात. श्वास सोडा.

निथळत्या थेंबांचा फोटोच चांगला येतो, हे नंतर कळलं. कोरडा मासा फोटोतही मेलेला दिसतो.

एकदा उचललं की झालं. "डोळे मिटले होते भाऊ, एक अजून" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. यावरून माझं आणि मावसभावाचं वाजलं आहे. तो म्हणतो इतक्या दूर येऊन फोटो नको का? हवा ना. पण वीस फोटोंत एकही नीट आला नसेल तर दोष त्याचा, माशानं का भोगावा?

हल्ली मी बहुतेक वेळा मासा वर काढतच नाही. पाण्यातल्या जाळ्यात तो आडवा, शेजारी माझा हात, वरून फोटो. ओल्या टिपक्यांचा जो रंग पाण्यात दिसतो तो हवेत दिसत नाही. मोबाईल जलरोधक असेल तर अर्धा पाण्यात बुडवूनही काढा. लांबी मोजायची हौस असेल तर जाळ्याच्या दांड्यावर आधीच खुणा करून ठेवा, टेप काढत बसू नका. आणि दगडावर, वाळूत, गवतात मासा ठेवून काढलेला फोटो कितीही देखणा आला तरी कोणाला पाठवू नका. पाहून नवे पोट्टे तसंच करतात. मीही तसलेच फोटो पाहून शिकलो होतो.

९. सोडताना

मुख्य धारेत सोडू नका, आणि अगदी साचलेल्या पाण्यातही नको. मोठ्या दगडामागे संथ पण वाहतं पाणी असतं, तिथे न्या. तोंड प्रवाहाकडे. शेपटीशी कडं, पोटाखाली तळवा, आणि फक्त धरून ठेवा. मागेपुढे हलवायचं नाही. पूर्वी सगळे तेच शिकवायचे. पण मासा मागे ओढला की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं, त्याचा त्याला उपयोग नाही. प्रवाह काम करतोय, तुम्ही खांब व्हा.

आधी त्याचं अंग तुमच्या हातावर एका बाजूला कलतं. मग हळूहळू सरळ राहतं. कल्ल्यांची उघडझाप जोरात चालू होते, मग लयीत येते. मग शेपटीत एक जोर येतो, तुमच्या बोटांच्या कड्याला तो जाणवतो. तेव्हाही लगेच सोडू नका. दुसरा हिसका आला की बोटं उघडा. तो स्वतः गेला पाहिजे, ढकलायचं नाही. कधी दहा सेकंद लागतात, एकदा मला पाच मिनिटं लागली आणि पायांची संवेदना गेली होती. काही मासे गेल्यावर दोन हातांच्या अंतरावर तळाशी टेकून बसतात. सरळ बसला असेल तर विश्रांती घेतोय, त्याला छेडू नका. आडवा झाला तर पुन्हा धरा.

कल्ल्यातून रक्त वाहत असेल तर तो बहुधा वाचत नाही. परवान्याच्या अटीत बसत असेल, म्हणजे लांबी आणि संख्या दोन्ही, तर तो ठेवा, डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच संपवा आणि खा. मोहरीच्या तेलात तळलेला ट्राउट आपल्या सावजीइतका जहाल नसतो, पण वाईट नाही. अटीत बसत नसेल तर सोडावाच लागतो, मग जगो वा न जगो.

१०. परतताना

एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणार असाल तर बूट, जाळं, पायमोजे धुऊन, निथळून, पूर्ण वाळवून मगच पुढच्या पाण्यात उतरा. ओल्या बुटांच्या तळव्यातून एका नदीची शेवाळं आणि रोग दुसऱ्या नदीत जातात. पहाडात काही लवकर वाळत नाही, म्हणून मी आता एका फेरीत एकच नदी ठेवतो. तंगुसाचे तुकडे वेचून आणा, पक्ष्यांच्या पायांना त्यांचा फास बसतो.

नागपूरला आल्यावर मात्र वाळवण्याची चिंता नाही. जाळं आणि बूट मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर टाकले की दोन तासांत कडकडीत. फक्त कुरड्यांच्या वाऱ्यापासून लांब टाका. गेल्या वर्षी मी शेजारीच टाकले होते, आणि यंदा माझ्या वाट्याला कुरड्या आल्या नाहीत.